बारा वेळा हो

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा दैनंदिनी. मागची लग्नाआधी लिहीत होतो. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी ती हिच्या हाती लागली आणि तिथेच साहित्याचं एक दालन बंद झालं. आताची डॉक्टरांच्या हुकमावरून आहे. "सर, पायांबद्दल रोज दोन ओळी लिहीत जा. काय जाणवलं, काय नाही," असं म्हणाली. दोन ओळी. मला ओळखत असून म्हणाली.

ओळखते, कारण ती माझीच विद्यार्थिनी. छत्तीस वर्षं शाळेत कविता शिकवल्या. मला मुलांची नावं राहिली नाहीत, बाक राहिले. ही मागच्या बाकावरची, खिडकीपासून दुसरी. आता एवढी मोठी डॉक्टर झाली आहे, तेव्हा अहो-जाहो करायचं, असं घरून ठरवून गेलो होतो. पण दारात मला पाहून ती खुर्चीतून ताडकन उठली आणि माझ्या तोंडून गेलं, "बस, बस." तिच्याच खोलीत. तीही बसली.

मग तिने समजावून सांगितलं. पानांत, फुलांत, फळांच्या सालींत फ्लेव्होनॉइड नावाची द्रव्यं असतात. फुलाचा पिवळेपणा, सालीचा तुरटपणा, यातला बराचसा त्यांचा. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पायांच्या नसा झिजतात. ती झीज ही द्रव्यं रोखतात का, हे ती तपासते आहे. कांद्याच्या वाळक्या सालींतून काढलेलं द्रव्य कॅप्सूलमध्ये भरून द्यायचं. आधी सहा वर्षं उंदरांवर काम केलं.

"उंदरांचे पाय बरे झाले?" मी विचारलं.

"उंदरांचे झाले, सर. माणसांचं माहीत नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

एकूण चाळीस माणसं. निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये खरं द्रव्य, निम्म्यांच्यात नुसती पिवळी पूड. कोणाच्या वाट्याला काय आलं ते आम्हाला माहीत नाही, तिलाही नाही. यादी तिसऱ्याच माणसाच्या कपाटात, ती वर्षाने उघडणार. साखरेच्या नेहमीच्या गोळ्या चालूच.

मग तपासणी. नर्सबाई तरुण आहे, गंभीर आहे, परीक्षेला बसल्यासारखी काम करते. काडीला लावलेला तंगूसाचा, म्हणजे नायलॉनच्या ताठ दोऱ्याचा, एक आखूड तुकडा. आपण डोळे मिटायचे. ती तो पायाच्या एकेका जागी वाकेपर्यंत टेकवते. जाणवलं की "हो" म्हणायचं. एका पायावर बारा जागा. माझ्या उजव्यावर सात लागल्या, डाव्यावर आठ. डॉक्टरने आकडे पाहिले आणि ती म्हणाली, "सर, पाय वाचवायचेत. बाकी सगळं नंतर."

मला थोरल्या भावाची आठवण झाली. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्याआधी महिनाभर तो भेटेल त्याला सांगत होता, "दुखत नाही, म्हणजे बरं आहे."

घरी येऊन हिला म्हटलं, "जन्मभर फुलांच्या कविता शिकवल्या, आता तीच फुलं माझ्या नसांना लागणार."

ही म्हणाली, "फुलं कुठली? कांद्याची सालं ती. आपण रोज फेकतो."

हिने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. माप घेतल्याशिवाय हिचा कशावर विश्वास बसत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पायांची आग आहे तशीच आहे. तापलेल्या पत्र्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं.

कॅप्सूलची डबी कुठे ठेवायची यावरून वाद. माझं म्हणणं टेबलावर, डोळ्यांसमोर. हिचं म्हणणं, "तुमच्या टेबलावर मागच्या वर्षी चष्मा ठेवला होता, तो अजून निघायचाय." डबी ही स्वयंपाकघरात घेऊन गेली. सकाळ-संध्याकाळ एकेक आणून हातावर ठेवते. बरं आहे, देवदूताने द्यावी तशी मिळते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

शोध लागला. आज कॅप्सूल तोंडात टाकण्याआधी सहज नाकाशी नेली. कांद्याचा वास. पुसट नाही, चांगला ठसठशीत.

म्हणजे मी खऱ्यांत आहे.

हिला हाक मारून कॅप्सूल हुंगायला दिली. "कांदा," ती म्हणाली. "येणारच की वास." आणि कामाला निघून गेली. विज्ञानात इतक्या सहज साथ हिने यापूर्वी कधी दिली नव्हती.

डॉक्टरला सांगावं का? नको. तिला माहीत असायचं नाही, असा नियम आहे. शिक्षकाने विद्यार्थ्याला पेपर फोडून सांगायचा नसतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आग कमी. निम्म्याने म्हणायला हरकत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आग गेली. दोन वर्षं मी अंगावर चादर घेतली की पाय तेवढे बाहेर काढून ठेवत होतो. आज दुपारी जागा झालो तर पाय चादरीत, आणि मला पत्ताच नाही. शांत. हलके. जणू पाय नाहीतच.

या आनंदात बऱ्याच वर्षांनी दोन ओळी सुचल्या:

नसे आग पायी, नसे दाह कोठे
फुलांनी दिले हे मला दान मोठे

वृत्त भुजंगप्रयात. वर्गात मी ते टेबलावर बोटांनी वाजवून शिकवायचो: एक ठोका आखूड, दोन लांब, असं चार वेळा. बारा अक्षरं झाली की एक चरण पुरा.

हिला वाचून दाखवलं. ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "कांद्यांनी म्हणा."

"वृत्तात बसत नाही," मी म्हटलं. मोजून पाहिलं, खरंच बसत नाही. खरं मात्र तेच होतं. विषय तिथेच सोडला.

४ मार्च, मंगळवार

आजचा दिवस सोन्याचा. उजव्या पायावर बारा, डाव्यावर बारा. पैकीच्या पैकी.

कसं झालं ते नीट लिहून ठेवतो. डोळे मिटून पडलो होतो. नर्सबाईचं स्टूल जुनं आहे, ती पुढे वाकली की ते कुरकुरतं. सुरुवातीच्या दोन-तीन जागा नीट जाणवल्या. मग माझ्या लक्षात आलं की बाईच्या हाताला चाल आहे. एक जागा झटकन, मग दोन सावकाश. पुन्हा एक झटकन, दोन सावकाश. मनात म्हटलं, अरे, ही तर भुजंगप्रयातात तपासते. आणि बारा जागा म्हणजे नेमका एक चरण. पायाला आपण चरण का म्हणतो ते आज कळलं. त्यानंतर माझं मन आणि पाय एक झाले. ती टेकवते आणि मी "हो" म्हणतो, यात केसाचंही अंतर राहिलं नाही.

एकदा, बहुधा आठव्या जागेला, शंका चाटून गेली: स्पर्श आधी झाला की "हो" आधी आलं? पण लय लागलेली असताना असले प्रश्न विचारले की सगळं मोडतं, हा वर्गातला अनुभव आहे. विचारले नाहीत.

नर्सबाईने कागद डॉक्टरकडे नेला. ती स्वतः बाहेर आली. "सर, सातवरून बारा? एका महिन्यात?" मग हसून म्हणाली, "पाठ करून नाही ना आलात?"

मीही हसलो. कारण तो आमचा जुना विनोद आहे. वर्ग एका सुरात कविता म्हणायचा तेव्हा निम्म्या मुलांना ती पाठ नसायची, नुसते ओठ हलवून चालीत चाल मिसळून द्यायची. मी काय करायचो, ओळीच्या अधेमधे एकदम हात वर करायचो. ठरलेलं होतं, हात वर गेला की थांबायचं. ज्याला कविता पाठ आहे त्याचं लक्ष असतं, तो थांबतो. चालीवर वाहत जाणारा पुढे जातो. एकदा सगळा वर्ग गप्प झाला आणि मागच्या बाकावरून एकच आवाज "ऊंऊं ऊंऊं" करत ओळीच्या टोकापर्यंत गेला. तीच ही. तासभर उभी केली होती. आज माणसांचे पाय वाचवते.

१५ मार्च, शनिवार

गंमत झाली. संध्याकाळी बागेपर्यंत फेरी मारायला गेलो. एक जुनी कविता आठवत होतो, चौथं कडवं काही केल्या येईना. बागेच्या फाटकाशी रखवालदार म्हणाला, "काका, एक चप्पल कुठंय?"

खाली पाहिलं. उजव्या पायात आहे, डाव्यात नाही. परत निघालो तर पाऊण वाटेवर, गिरणीच्या दारात, माझी चप्पल एकटी उभी. तिथून बागेपर्यंत एका पायाने अनवाणी आलो आणि कळलं नाही. मन कवितेत असलं की असं होतं. चौथं कडवं मात्र येताना सापडलं.

ही हसली नाही. म्हणाली, "चप्पल निसटलेली कळत नाही?"

"तल्लीनता," मी म्हटलं.

"उद्यापासून बूट घाला. लेस बांधून. तल्लीनता बुटातच राहू द्या."

२३ मार्च, रविवार

हिने सकाळी लादीवर रक्ताचे ठिपके पाहिले आणि त्यांचा माग काढत माझ्यापर्यंत आली. उजव्या अंगठ्याचं नख अर्धं उचकटलेलं. कुठे ठेच लागली, आठवत नाही.

"अहो, माणूस ओरडतो अशा वेळी."

मी म्हटलं, पूर्वी मला साधा काटा लागला तरी घर डोक्यावर घ्यायचो, आता सहनशक्ती वाढली आहे. सालींचा गुण. तिने पट्टी बांधली. बांधून झाल्यावर म्हणाली, "दवाखान्यात गेलात की हे सांगा."

१ एप्रिल, मंगळवार

पुन्हा बारा आणि बारा.

अंगठ्याचं सांगितलं नाही. हे लिहिताना जरा बरं वाटत नाही, पण लिहितो. नर्सबाईने विचारलं होतं, "हे काय लागलं?" मी "किरकोळ" म्हटलं आणि डोळे मिटले. ती तिच्या चालीत, मी माझ्या.

डॉक्टर म्हणाली, "सर, चाळीस जणांत तुमच्याएवढी सुधारणा कोणाचीच नाही. दुसऱ्या नंबरचा आहे त्याचीसुद्धा फक्त दोन जागांची." म्हणताना खूश होती, पण माझ्या पायांकडे बघत होती. लहानपणी फळ्याकडे बघायची तशी, म्हणजे लिहिलंय ते बरोबर असणार, पण आपल्याला का पटत नाही, अशी.

जाताना तिने मला एक शाईचं पेन दिलं. काळं, रुपेरी टोपणाचं. "दोन ओळी सांगितल्या होत्या, तुम्ही दुसरी वही काढलीत म्हणे." आता याच पेनाने लिहितोय. निब थोडी खरखरते, पण पहिल्या दिवशी कुठला विद्यार्थी खरखरत नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

पेनाचं टोपण हरवलं. सकाळी लिहून झाल्यावर पेन खिशाला लावलं होतं एवढं नक्की. मग फिरायला जायला म्हणून वाकून बुटांशी खटपट केली, फिरून आलो, पाहतो तर पेन आहे, टोपण नाही आणि खिशावर शाईचा तळहाताएवढा तलाव.

तलाव पाहून हिने जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. ही दैनंदिनी वर्षाखेरीस डॉक्टर वाचणार आहे.

२६ एप्रिल, शनिवार

टोपण नाही. टेबल उपसलं. चष्मा सापडला, मागच्या वर्षीचा. टोपण नाही.

फिरून आलो. मोजा तळाशी तपकिरी झाला आहे. बुटाचा रंग उतरत असणार. हलका माल.

२८ एप्रिल, सोमवार

टोपण कोणी मुद्दाम लपवलं असावं, असं आज जेवताना बोललो. घरात आम्ही दोघंच आहोत, हे बोलल्यावर लक्षात आलं.

ही म्हणाली, "तुम्ही डावा पाय टाकताना लंगडताय का?"

"नाही. चाल बदलली असेल."

"चाल गाण्याची बदलते. पायाची बदलली तर विचारावं लागतं."

"दुखत नाही," मी म्हटलं. "उद्या तपासणी आहेच. पैकीच्या पैकी मिळाले की तूच पेढे... तूच काहीतरी गोड देशील." साखरेचा विषय निघाल्यावर हिने ताटं उचलली.

१ मे, गुरुवार

मंगळवारचं आज लिहितो. दोन दिवस हात धजला नाही.

नर्सबाई म्हणाली, "बूट काढा, काका." उजवा काढला. डावा काढला, तर त्यातून काहीतरी निसटलं आणि टणटण करत कपाटाखाली गेलं. मी वाकून पाहिलं. टोपण.

"सापडलं," मी म्हणालो. काय आनंद झाला म्हणून सांगू. "चार दिवस घर पालथं घातलं. बाई, तेवढं काढून द्या, शाई सुकते."

ती टोपणाकडे बघतच नव्हती. माझ्या मोज्याकडे बघत होती. तिने तो हळूहळू सोलून काढला. चवड्याखाली कोटाच्या बटणाएवढी जखम होती. मी पाय उलटा धरून पाहिली. दुसऱ्या कोणाचा तरी पाय पाहावा तशी.

"काका, हे दुखत नाही?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. अभिमानाने म्हणालो. आणि म्हणता म्हणता तो आवाज मला ओळखीचा वाटला. माझा नव्हता. थोरल्याचा होता.

डॉक्टर आली. जखम पाहिली, धुतली, झाकली. मग नर्सबाईला म्हणाली, "तू नेहमी करतेस तशी तपासणी कर. दुसऱ्या पायावर." नर्सबाईने केली. एक झटकन, दोन सावकाश. मी बारा वेळा "हो" म्हणालो. काय करणार, लय लागतेच.

"आता मी करते," डॉक्टर म्हणाली. "डोळे मिटा, सर."

मिटले. स्टूल कुरकुरलं. तिने त्याच चालीत सुरू केलं. हो. हो, हो. हो. हो, हो. मला बरंही वाटलं, की पोरीला अजून वृत्त येतं. हो. हो, हो. हो. हो, हो. बाराव्याला चरण पुरा करून मी डोळे उघडले.

तिचे दोन्ही हात मांडीवर होते. तंगूसाची काडी टेबलावर होती.

"सर," ती म्हणाली, "मी सहाला थांबले."

नर्सबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र मला त्या जखमेपेक्षा जास्त लागलं. चूक तिची नव्हती. ओळीच्या मधोमध हात वर झाला होता, सगळा वर्ग थांबला होता, आणि एकटा मी "ऊंऊं" करत टोकापर्यंत गेलो होतो.

"उभा राहू?" मी विचारलं.

"नाही, सर," ती म्हणाली. "उभंच तर राहायचं नाहीये. सहा आठवडे."

२ मे, शुक्रवार

पलंगावर. डावा पाय उशीवर.

खरे आकडे असे: उजव्यावर पाच, डाव्यावर तीन. मंगळवारी मी निघण्याआधी डॉक्टरने चाल मोडून, कधी लगेच, कधी खूप थांबून, पुन्हा मोजले. थांबली की इतकं जड वाटायचं की मी डोळे उघडू का असं दोनदा विचारलं. फेब्रुवारीत सात आणि आठ होते.

म्हणजे आग गेली ती बरी होऊन गेली नाही. आग लागल्याचं सांगणाराच झोपी गेला.

हिला म्हटलं, "पण माझी कॅप्सूल खरी आहे. वास येतो."

"येणारच. डबी कांद्याच्या टोपलीत ठेवते मी. तिथे तुमचा हात जात नाही."

खिडकीकडे तोंड करून बराच वेळ पडलो.

"रागावलात?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"नाही. मोजतोय, किती महिने शहाणा होतो ते."

६ मे, मंगळवार

डॉक्टरचा फोन. जखम हाडापर्यंत गेलेली नाही. आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर वेगळं बोलले असते, एवढंच म्हणाली. कुठलं वेगळं, ते मी विचारलं नाही. थोरल्याच्या पलंगाशी मी पुष्कळ बसलो आहे.

मग मी धीर करून विचारलं, "माझ्यामुळे तुझं काम बिघडलं का?"

"तुमचे मार्च-एप्रिलचे आकडे बाद, सर. आणि चाळीसही जणांची तपासणी नव्याने करावी लागणार. हात तर एकच होता ना, चालही तीच. दोन नंबरवाला आहे त्याला आज विचारलं, तर तो बँडमध्ये ड्रम वाजवतो."

मला हसू आलं. मग आलं नाही. सहा वर्षं तिने उंदरांचे पाय तपासले आणि एका म्हाताऱ्याने तीन मिनिटांत त्यावर पाणी ओतलं. उंदीर बिचारे खरं बोलले असणार. त्यांना वृत्तं येत नाहीत.

"मला काढून टाक," मी म्हटलं.

"काढता येत नाही, सर. गैरसोयीची माणसं काढत गेलं की कुठलंही औषध गुणकारी ठरतं. कॅप्सूल चालू ठेवा. फक्त टोपलीतून बाहेर काढा." हे तिला कोणी सांगितलं? ही शेजारच्या खोलीत मशीनवर बसली होती आणि मशीन अचानक फार जोरात चालू लागलं.

१३ मे, मंगळवार

पट्टी बदलायला चाकाच्या खुर्चीतून नेलं. काम झाल्यावर नर्सबाईला म्हटलं, "बाई, जरा बसा. मला तुम्हाला शिकवायचंय."

ती वही घेऊन बसली. गंभीर मुलगी आहे.

मी आयुष्यभर मुक्तछंदाच्या विरोधात होतो. शाळेत त्यावर दोनदा भांडणं केली; एकदा तर वार्षिक अंकातून सहा कविता मी एकट्याने परत पाठवल्या. म्हणायचो, ज्याला चाल नाही तो चालतो कसा? आणि आज त्या मुलीला मी समजावत होतो की असं टेकवायचं की पुढचं कधी येणार ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये. ठोका मोडायचा. मध्येच गप्प राहायचं. एखाद्या वेळी नुसतं वाकायचं, स्टूल वाजवायचं, आणि काहीच करायचं नाही.

"म्हणजे फसवायचं?" तिने विचारलं.

"नाही. उत्तर आयतं द्यायचं नाही."

तिने ते लिहून घेतलं. मग माझ्या उजव्या पायावर प्रयोग. पहिल्या तीन वेळा तिची गाडी घसरून पुन्हा भुजंगप्रयातावर गेली. सवय. चौथ्यांदा जमलं. मी चार वेळा "हो" म्हणालो, चारही बरोबर. बाकी आठ वेळा गप्प होतो. छत्तीस वर्षांत वर्गात इतका वेळ मी गप्प राहिलो नव्हतो.

दारातून डॉक्टर पाहत होती. "सर, मुक्तछंद?" म्हणाली.

"औषधापुरता," मी म्हटलं.

१० जून, मंगळवार

जखम भरली. नवी कातडी गुलाबी आहे, तान्ह्या बाळासारखी. पाय वाचला. डॉक्टरने नियम घालून दिलेत: रोज संध्याकाळी आरशात तळवे बघायचे, बुटात हात घालून मगच पाय घालायचा, आठवड्यातून एकदा तंगूसाने तपासायचं आणि तिला आकडा कळवायचा. यादी पुढच्या फेब्रुवारीत उघडेल. तोवर मी खऱ्यांत की खोट्यांत, देव जाणे. ही म्हणते, "खोट्यांत. खरी गोष्ट तुम्हाला पचत नाही." सालींत गुण असेल तर तो माझ्या "हो"शिवायही निघेल, नसेल तर माझ्या "हो"ने यायचा नाही. एवढं मला या वयात कळलं, पुष्कळ झालं.

तपासणी आता घरी हीच करते. तंगूसाची काडी हातात घेतली आणि म्हणाली, "हे तर मी टिकल्या ओवायला वापरायचे." चष्मा लावला, माझा पाय मांडीवर घेतला. मी डोळे मिटले.

हिला ताल कधीच आला नाही. लग्नानंतर वर्षभर मी शिकवून पाहिलं. टाळीसुद्धा चुकीच्या जागी पडायची. हिचं शिलाई मशीनदेखील गद्यात चालतं: भर्रकन, मग थांबलं, मग दोन टाके, मग पुन्हा थांबलं, मध्येच उठून दाराकडे गेली. त्यावरून मी पन्नास वर्षं हिची चेष्टा केली. न शिकली ते माझ्या पायांचं नशीब.

पडून राहिलो. काही नाही. आणखी काही नाही. झाली असेल का सुरुवात? बाहेर कोणी बादली ठेवली. काही नाही. "हो" अगदी ओठांवर येऊन बसलं होतं, ते गिळलं. भीती वाटली, खरंच वाटली. मग उजव्या टाचेच्या कडेला काहीतरी हलकंसं, कागदाचा कोपरा लागावा तसं.

"हो," मी म्हणालो.

"आत्ता बरोबर," ही म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, कुठल्याच मात्रेत न बसणाऱ्या वेळाने, दुसरं.

उजव्यावर पाच, डाव्यावर चार. हिने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, मापं लिहायची तसं, आणि पेनाला टोपण लावून ते माझ्या खिशाला न लावता स्वतःच्या शिवणाच्या डब्यात ठेवलं.